आधी फळीवर चालून बघ

अमेरिकेतल्या मिसिसिपी-ओहायो नद्यांवरच्या आगबोटींच्या हमालांची गाणी अभ्यासायला घेतलीस, फार बरं वाटलं. पण लगेच चालीच्या मागे लागू नकोस. आधी बोटीपासून धक्क्यापर्यंत टाकलेली ती लवणारी फळी डोळ्यांपुढे आण. खांद्यावर पोतं, पायाखाली हेलकावे. पाय घासत, फळीशी जुळवून घेत चालायचं. त्या चालण्याला आणि त्यावरच्या गाण्यांना नाव एकच, 'कूनजाइन'. घरी जड पिशवी घेऊन तसं चालून बघ, ठेका आपोआप सापडेल.

अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर हे मजूर बहुतेक कृष्णवर्णीयच होते. शब्दांतले कष्ट त्यांचेच आहेत, ते गाळू नकोस. आणि पाण्याची खोली मोजणाऱ्याची लांबवलेली हाक विसरू नकोस: 'मार्क ट्वेन', म्हणजे दोन वाव, १२ फूट पाणी. मेरी व्हीलर यांनी केंटकीतल्या पदूकाच्या परिसरात म्हाताऱ्या हमालांकडून गाणी टिपून घेतली. सुरुवात तिथूनच कर.