तान्हं बाळ आणि प्रार्थनेची वेळ

अगं, पहाटे उठून तासभर बायबल वाचायचा हट्ट सध्या सोड. बाळाने रात्रभर जागवलं असेल तर सरळ झोप घे. बायबलमधलं स्तोत्र १३१ पाठ कर. ३च वचनं, पण त्यात आईजवळ निवांत असलेलं, दूध तुटलेलं मूल आहे. बाळाला पाजताना तेच म्हण, रोज तेच चालेल. ११९व्या स्तोत्रात १७६ वचनं आहेत, त्याच्या वाटेला आत्ता जाऊच नकोस!

बायबलमधली मार्था येशू घरी आला तेव्हा पाहुणचाराच्या कामातच गुंतून गेली होती; तिचं उदाहरण देऊन कुणी घरकामाला कमी लेखलं तर मनावर घेऊ नकोस. येशूने तिची दगदग दाखवली, स्वयंपाकाला नावं ठेवली नाहीत.

रविवारी उपासनेत मूल रडलं तर बाहेर जा, खुशाल जा. फक्त नवऱ्यालाही आळीपाळीने उठायला लाव.