एंडोक्राइन वॉर्डात, म्हणजे मधुमेह, थायरॉइड अशा हार्मोनच्या आजारांच्या वॉर्डात, पहिलीच पोस्टिंग आहे. रुग्णांची काळजी घेताना सगळ्यात जास्त लक्ष कशाकडे द्यावं?

तुम्ही नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहात आणि लक्षणांच्या याद्या पाठ करूनही भीती जात नाही, असं लिहिलंय. अशा वॉर्डात मी बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून उत्तर देते. रुग्णाच्या वागण्यातल्या बदलाकडे लक्ष द्या. नाडी आणि बी.पी. जितक्या गांभीर्याने लिहून ठेवतो, तितक्याच गांभीर्याने.

हे मला एका रात्रपाळीत कळलं. नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. दिवसभर शांत असलेले मधुमेहाचे एक काका पहाटे तीनला माझ्यावर ओरडायला लागले, सलाईनची नळी ओढू लागले. मी चार्टवर ‘रुग्ण सहकार्य करत नाही’ असं लिहिलं आणि पुढच्या बेडकडे गेले. आमच्या सीनिअर सिस्टर आल्या आणि त्यांनी काही विचारायच्या आधी काकांच्या कपाळाला हात लावला. कपाळ घामाने भिजलेलं होतं. शुगर निघाली 42. शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोज, गेल्यावर थोड्याच वेळात काका भानावर आले. आपण ओरडलो, हे त्यांना आठवतही नव्हतं. चार्टवरचं ते वाक्य मला अजून टोचतं.

म्हणून मधुमेहाचा रुग्ण अचानक चिडला, रडू लागला, असंबद्ध बोलला किंवा नुसता गप्प झाला, तरी आधी शुगर तपासा. 70 च्या खाली असेल आणि नीट गिळता येत असेल, तर 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा पाण्यात तीन चमचे साखर द्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा, कमीच असेल तर पुन्हा द्या. गुंगीत असेल तर तोंडात काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जाईल. तिथे शिरेतून डेक्स्ट्रोज किंवा शुगर वाढवणाऱ्या ग्लुकागॉनचं इंजेक्शनच. बीटा-ब्लॉकर (बी.पी. किंवा हृदयाची गोळी) चालू असलेल्यांना थरथर आणि धडधड जाणवत नाही, घाम मात्र येतो. आणि मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळीमुळे उतरलेली शुगर एकदा वर आली म्हणून निर्धास्त होऊ नका, काही तासांनी ती पुन्हा घसरू शकते.

इन्सुलिन भरताना बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा प्रत्येक वेळी जुळवा. एका मिलिलिटरला 100 युनिट असलेलं इन्सुलिन 40 च्या सिरिंजमध्ये तिच्या खुणांप्रमाणे भरलं तर डोस अडीच पट जातो. गडबडीत ही चूक कुणाच्याही हातून होऊ शकते.

थायरॉइडच्या ऑपरेशननंतरचा पहिला दिवस मला सगळ्यात जोखमीचा वाटतो. ड्रेसिंग कोरडं दिसलं म्हणून समाधान मानू नका; रक्त ओघळून मानेमागे साचतं, तिथे हात घालून बघा. दर वेळी रुग्णाला दोन वाक्यं बोलायला लावा. आवाज बसत चाललाय, मान ताठ फुगतेय, श्वास घेताना घरघर येतेय, तर एक मिनिटही वाट न बघता डॉक्टरांना बोलवा. टाके उघडायचं साहित्य उशाशी हवं. पुढचे दोन-तीन दिवस कॅल्शियम उतरू शकतं. ‘ओठांभोवती मुंग्या येतात’ असं रुग्ण सहज बोलून जातो, आणि आपण तितक्याच सहज सोडून देतो. तसं करू नका, लगेच कळवा. बी.पी.चा पट्टा फुगवल्यावर हाताची बोटं आखडली, तर तीही तीच खूण आहे.

थायरॉइड खूप कमी असलेल्या रुग्णाला नातेवाईक ‘आळशी झालीय’ म्हणतात. ती थंडगार पडली, झोपेतून उठेना, तर पांघरूण द्या, पण गरम पाण्याच्या पिशव्या लावू नका. कातडीच्या रक्तवाहिन्या पसरून बी.पी. एकदम कोसळतं.

डायबेटिस इन्सिपिडसच्या (साखरेशी संबंध नसलेला, लघवीवाटे खूप पाणी जाणारा आजार) रुग्णाचं पाणी कधीही तोडू नका आणि लघवी आवरणाऱ्या डेस्मोप्रेसिनचा डोस ‘औषध आलं नाही’ म्हणून चुकवू नका. हा डोस राहून गेल्याने रुग्ण दगावले आहेत.

आता स्टेरॉइड. ॲडिसनचा (ॲड्रिनल ग्रंथी निकामी झालेला) रुग्ण असो किंवा महिनोन्‌महिने प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेणारा, त्याच्या शरीरात संकटाला लागणारं कॉर्टिसोल हे हार्मोन पुरेसं तयार होत नाही. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलंय म्हणून कुणी गोळी थांबवली तर डॉक्टरांना विचारा, इंजेक्शनने द्यायची का. विद्यार्थिनी आहात म्हणून संकोच करू नका. उलट्या, पोटदुखी, उठून बसल्यावर बी.पी. उतरणं आणि ‘काही बरं वाटत नाही’ एवढीच तक्रार, यातून तासाभरात रुग्ण शॉकमध्ये जाऊ शकतो. तेव्हा 100 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन आणि सलाईन लागतं, तेही रक्ताच्या रिपोर्टची वाट न बघता.

डिस्चार्जच्या दिवशी या रुग्णांपाशी दहा मिनिटं बसा. ताप आल्यावर डोस किती वाढवायचा, हे डॉक्टरांनी लिहून दिलंय का बघा. स्टेरॉइड चालू असल्याचं कार्ड खिशात राहील, हे पाहा. मग रुग्णाला आणि घरच्यांना विचारा, ‘गोळी उलटीतून पडली आणि दुसरीही टिकली नाही, तर काय कराल?’ ‘लगेच दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घेऊ’ हे त्यांच्या तोंडून येईपर्यंत उठू नका.