मलावीत बालविवाहाविरुद्ध काम सुरू करतेयस, तर...

राजधानी लिलाँग्वेत निवेदनं देत फिरण्याआधी गावात जा, हे तुला कळकळीनं सांगते. २०१५च्या कायद्यानं लग्नाचं किमान वय १८ केलं, पण आईवडिलांच्या संमतीनं पंधराव्या वर्षापासून लग्नाची वाट राज्यघटनेत उघडीच राहिली. ती बुजवायला २०१७ची घटनादुरुस्ती लागली. म्हणून कायदा वाचताना घटनाही शेजारी ठेव.

बालविवाहाविरुद्ध लढणारी इथली कार्यकर्ती मेमरी बांडा, तिची धाकटी बहीण अकराव्या वर्षी लग्नात ढकलली गेली. मेमरीनं आधी आसपासच्या मुलींना बोलतं केलं, लिहितं केलं, खासदारांकडे ती नंतर गेली. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. डेड्झा जिल्ह्यातल्या पारंपरिक प्रमुख थेरेसा काचिंदामोटो यांनी शेकडो बालविवाह मोडले, न ऐकणाऱ्या हाताखालच्या प्रमुखांना पदावरून दूर केलं. असं एखादं वजनदार माणूस तुझ्या बाजूला आलं, की गाव ऐकायला लागतं. त्यासाठी वेळ दे, घाई करू नकोस.

मुलीच्या वह्या-गणवेशाची, पुढे माध्यमिक शाळेच्या खर्चाची सोय मात्र आधी लाव. लग्न मोडून परतलेल्या मुलीला शाळा मिळाली नाही, तर घरची गरिबी तिला पुन्हा तिकडेच लोटते. आणि अहवालासाठी तिचा फोटो काढू नकोस, देणगीदारानं मागितला तरी.