क्रॅव्हॅथ या अमेरिकन लॉ फर्मचं एवढं नाव का घेतात?

मुख्य कारण म्हणजे वकील घडवण्याची तिची पद्धत. अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या फर्म्सनी पुढे तीच उचलली. न्यूयॉर्कची ‘क्रॅव्हॅथ, स्वेन अँड मूर’ आपला इतिहास १८१९ पासून मोजते. रशियाकडून अलास्काची खरेदी करणारे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री विल्यम सीवर्डही एकेकाळी याच फर्ममध्ये होते. पण आजचं रूप दिलं ते १८९९ मध्ये आलेल्या पॉल क्रॅव्हॅथ यांनी. लॉ कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली हुशार मुलं घ्यायची, एकेका पार्टनरच्या हाताखाली वर्ष-दीड वर्ष घासून घ्यायची, मग दुसऱ्याकडे पाठवायची. काही वर्षांनी पार्टनर व्हायचं, नाहीतर निरोप घ्यायचा. पार्टनरचा नफ्यातला वाटा ज्येष्ठतेनुसार ठरायचा. त्यामुळे अशील कोणाचं यावरून आपसात ओढाताण होत नसे, आणि मला हाच यातला सर्वांत शहाणपणाचा भाग वाटतो. कामाचा आवाका बघायचा तर अमेरिकन सरकारने आयबीएमवर भरलेला मक्तेदारीविरोधी खटला बघा: १९६९ मध्ये सुरू झाला, फर्मने आयबीएमच्या बाजूने तेरा वर्षं लढवला आणि १९८२ मध्ये सरकारनेच मागे घेतला. मात्र जुनी घडी आता तशीच्या तशी नाही: बाहेरचे पार्टनर येतात आणि २०२१ पासून वाटपात कामगिरीही पाहिली जाते.