मंडळाच्या बैठकीत वर्गणी सोडून बाकी सगळं का निघतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बदलीवर नुकतेच बेळगावला आलात, गल्लीतल्या मंडळानं गणपतीच्या बैठकीला बोलावलं, विषय होता वर्गणी. दोन तास बसलात, वर्गणीचा ‘व’ निघाला नाही, शेवटी साडेदहाला कंटाळून उठून आलात. इथं हे नेहमीचंच का?

नेहमीचंच. मी आमच्या मंडळाचा १७ वर्षं खजिनदार आहे. सुरुवातीला माझाही जीव जायचा. एकदा तर मी विषय छापून कागद वाटले. त्या कागदांच्या पाठीमागं दुसऱ्या दिवशी रमीचे गुण लिहिलेले सापडले. तेव्हापासून नाद सोडला.

बैठक पावसावरून सुरू होते. आषाढात आमच्याकडं दुसऱ्या कशावरून होणार? राकसकोप धरण कितीला आलं, हा पहिला प्रश्न, कारण शहराचं पाणी तिथून येतं. पाण्यावरून जुन्या विहिरी, आणि विहिरीवरून थेट १९२४ सालचं काँग्रेसचं अधिवेशन. गांधीजी एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते इथं, टिळकवाडीत. तेव्हा पाण्यासाठी काढलेली विहीर अजून आहे, रस्त्याला काँग्रेस रोड म्हणतात, एवढं सगळ्यांना पाठ. तरी आमचे एक मामा दरवर्षी त्यात वडिलांना घुसवतात. आधी वडील नुसते मांडवाबाहेर उभे होते. मग ते विहिरीचं पाणी शेंदायला लागले. गेल्या साली त्यांनी गांधीजींच्या हातात तांब्या दिला. तेव्हा कोपऱ्यातून आवाज आला, “मामा, तुमचे वडील २००० साली गेले, ऐंशी वर्षांचे होऊन. म्हणजे १९२४ ला चार वर्षांचे की हो!” मामा जराही हलले नाहीत. म्हणाले, “मग? तांब्या बी बारकाच होता.”

यानंतर वर्गणीवर कोण येणार, सांगा.

दुसरा ठरलेला किस्सा खानाचा. आमच्याकडं शिवजयंती तिथीनं, वैशाख शुद्ध द्वितीयेला होते, आणि नंतर चित्ररथांची मिरवणूक निघते, ती रात्रभर चालते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मुलं उभी करून प्रसंग दाखवायचे. एका वर्षी आमचा प्रतापगड होता. अफजलखान झालेला मुलगा अंगानं थोराड, कापसाची दाढी डिंकानं चिकटवलेली. पहाटे तीनला आमची ट्रॉली रामदेव गल्लीच्या तोंडाशी अडकली, आणि खान उभ्या उभ्या महाराजांच्या खांद्यावर झोपला. महाराज आठवीतले. ते वाघनख्यांनी टोचतायत आणि दबक्या आवाजात म्हणतायत, “ऊठ बे खुळ्या, तुला मारायचंय!” खान उठला तो “आई, पाच मिनिटं” म्हणत. दाढी महाराजांच्या अंगरख्याला चिकटून राहिली. तो खान आज मंडळाचा अध्यक्ष आहे, गुडघ्यांच्या गोळ्या खातो, आणि बैठकीत त्याचा डोळा लागला की कुणी ना कुणी वाघनखं काढतोच.

हा किस्सा मी निदान पंधरा वेळा ऐकलाय. मजा अशी की मराठीत सुरू होतो आणि संपतो कन्नडमध्ये, कारण महाराज झालेल्या मुलाच्या घरी कन्नड बोलतात. शेवटचं वाक्य तो त्याच्या आईच्या तोंडचं सांगतो, दाढी काढताना तिनं घातलेल्या शिव्यांसकट. नवीन माणसाला अर्थ कळत नाही, पण सगळे हसतात म्हणून तोही हसतो. दोन वर्षांनी कळायला लागतो.

आता तुमच्याबद्दल. त्या दोन तासांत “तुमचं गाव कुठलं म्हणायचं?” हे तुम्हाला किती जणांनी विचारलं? माझा अंदाज, चौघांनी तरी. ती नुसती चौकशी नव्हती. तुम्ही गडहिंग्लजकडचे निघालात तर कुणाची तरी बहीण तिकडं दिलेली असते, पुण्याचे निघालात तर कुणाचा तरी मुलगा तिकडं नोकरीला असतो. एकदा धागा सापडला की मंडपाच्या खिळ्यापासून विसर्जनाला कपिलेश्वर तलावापर्यंत तुम्ही त्यांचेच. पैसे तर कुणीही देतो. रात्री दोनला मूर्तीपाशी जागायला कोण बसणार, हे या गप्पांतूनच कळतं. निदान मी तरी गप्पा ऐकूनच राखणीची यादी करतो, आणि अजून चुकलेली नाही.

एक मात्र पाळा. सीमाप्रश्न पहिल्याच बैठकीत आपण होऊन काढू नका. १९५६ पासूनचा विषय आहे, प्रत्येक घरात कुणी ना कुणी मोर्चाला गेलेलं असतं, आणि मग बैठक साडेबाराला बी संपत नाही. तसंच तिथं बसून बेळगाव म्हणावं की बेळगावी, हे विचारू नका. ज्याच्या तोंडी जे येतं ते चालतं.

राहिला वर्गणीचा प्रश्न. ती ठरते, पण सतरंजीवर नाही. सगळे उठतात, जिन्याखाली अंधारात आपापल्या चपला शोधतात, कुणाच्या तरी पायात दुसऱ्याची जाते, आणि वाकल्या वाकल्याच अध्यक्ष म्हणतो, “मग गेल्या सालापेक्षा शंभर जास्ती, चालतंय नव्हं?” “चालतंय की.” एवढंच. तुमच्याही गल्लीत त्या रात्री वर्गणी ठरली असणार. तुम्ही आधी उठलात.