रोमला पहिल्यांदा जाताय? आधी एवढं करा

रोमच्या सहलीत काय काय पाहायचं, ती तुम्ही पाठवलेली यादी पाहिली. तीन दिवसांत रोम आणि त्यातच फ्लॉरेन्सही? फ्लॉरेन्स पुढच्या खेपेला ठेवा, मनापासून सांगतेय. रोम पायीच कळतं. पँथिऑन हे प्राचीन मंदिर, त्रेव्ही कारंजं, पियात्सा नावोना हा चौक ही सगळी एकमेकांपासून दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर आहेत. त्यामुळे कोरे बूट नकोत, पायाला सरावलेलेच घाला.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- कलोसियमचं, म्हणजे प्राचीन रोमन रंगमैदानाचं, तिकीट तिथे जाऊन काढू म्हणतात. वेळ ठरवून आधीच ऑनलाइन काढा. त्याच तिकिटात शेजारचे प्राचीन अवशेष, म्हणजे फोरम आणि पॅलाटाइन टेकडीही येते.
- बसचं कागदी तिकीट यंत्रात घालून शिक्का मारायला विसरतात. मग तिकीट हातात असूनही दंड!
- व्हॅटिकन म्युझियम रविवारी ठरवतात. महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर ते रविवारी बंद असतं.
- पाकीट मागच्या खिशात. तेर्मिनी हे मुख्य रेल्वे स्टेशन आणि ६४ नंबरची बस, इथे खिसेकापू असतात, पर्स पोटाशी धरा.

पाणी विकत घेऊ नका. रस्तोरस्ती ‘नासोनी’ नावाचे बिडाचे नळ अखंड वाहत असतात. नळाचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून कारंज्यासारखी गार धार उडते, वाकून खुशाल प्या.

चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. एक ओढणी पिशवीत असू द्या. पास आणि सवलतीच्या कार्डांच्या फंदात आत्ता पडू नका. आधी कलोसियमची वेळ पक्की करा, बाकीचं त्याभोवती बसवू.