मेंटेनन्सची नोकरी सोडून एनर्जी ऑडिटर?

प्रश्न : मुलाचा इलेक्ट्रिकल डिप्लोमा झालाय. दोन वर्षं लोअर परळच्या एका ऑफिस इमारतीत मेंटेनन्सला आहे. आता कंटाळून नोकरी सोडतो आणि पंधरा दिवसांचा एनर्जी ऑडिटचा कोर्स करतो म्हणतोय. काय करावं? – एक आई, भांडुप

उत्तर : ताई, कोर्स करायचा तर करू द्या, पण नोकरी सोडू देऊ नका. पंधरा दिवसांच्या सर्टिफिकेटवर कोणी प्रमाणित ऑडिटर, म्हणजे वीज-इंधन कुठे वाया जातं ते मोजून सांगणारा, होत नाही. त्यासाठी केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोची, म्हणजे बीईईची, राष्ट्रीय परीक्षा आहे. तिला बसायला इंजिनिअरिंगच्या पदवीधराला ३ वर्षांचा अनुभव लागतो, डिप्लोमावाल्याला ६ वर्षांचा. ऊर्जा वापरणारी यंत्रणा चालवणं, तिची देखभाल करणं हा अनुभव त्यात धरला जातो. म्हणजे ज्या कामाला तो कंटाळलाय, तेच त्याला या परीक्षेपर्यंत नेणार आहे! मधल्या काळात पदवी केली तर उत्तमच. डिप्लोमावाल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो.

परीक्षेचे पेपर चार. पुस्तकं मिळतील, पण खरं शिक्षण त्याच्या प्लांटरूममध्ये आहे. मुंबईच्या दमट हवेत ऑफिस इमारतीची बरीचशी वीज एसी खातो. चिलरमध्ये, म्हणजे एसीसाठी पाणी गार करणाऱ्या यंत्रात, पाणी किती अंशांनी थंड होतं आणि ताशी किती घनमीटर फिरतं, हे त्याने लॉगशीटमधून घ्यावं. दोन्हींचा गुणाकार करून ३.०२४ ने भागलं की टन निघतात (हे वजन नव्हे, गारव्याचं माप). चिलर खातो ते किलोवॅट त्या टनांनी भागावेत. हा आकडा महिनाभर रोज काढला, की तो कुठल्या दिवशी का वाढला याचा शोध आपोआप सुरू होतो. ऑडिट म्हणतात ते हेच.

घरगुती बाजूसाठी तुमच्याच सोसायटीचं कॉमन मीटरचं बिल घ्या. जिन्यात चोकवाल्या ३० जुन्या ट्यूब असतील, तर एकेक साधारण ५२ वॅट खाते. तिथे २० वॅटची एलईडी लावली आणि दिवे १२ तास चालले, तर रोज साडेअकरा युनिट वाचतात. पंपाचा हिशोब त्याने स्वतः मांडावा आणि कमिटीपुढे ठेवावा. चालू पॅनेलवर क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून करंट मोजायचं मीटर) मात्र सीनियर शेजारी असतानाच लावायचा, ही अट तुम्ही घालाच.

कोर्सची फी भरण्याआधी विचारा, साइटवर नेऊन मोजमाप करायला देणार का? नसतील देत, तर पैसे वाचवा. आणि पुढे अनुभवपत्र घेताना त्यात नुसतं ‘टेक्निशियन’ नको. चिलर, पंप, पॅनेलवरचं काम स्पष्ट लिहून घ्या.